विद्युतधारा आणि साधे विद्युत परिपथ : मूलभूत संकल्पनांचे विवेचन

सारांश

विद्युतशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासात प्रभार, धारा, विभवांतर, रोध, ऊर्जा आणि शक्ती या संज्ञा लवकर परिचित होतात. परंतु त्यांचे परस्परसंबंध अनेकदा सूत्रांपुरतेच मर्यादित राहतात. 'दिव्यात धारा खर्च होते' ही समजूत त्यामुळेच पदवी स्तरापर्यंत टिकून राहते. परिपथात धारा खर्च होत नाही, ऊर्जेचे रूपांतर होते, हा मध्यवर्ती विचार धरून प्रस्तुत लेखात साध्या विद्युत परिपथाच्या मूलभूत संकल्पनांचे विवेचन केले आहे. या विचाराचा घरगुती विद्युतसुरक्षिततेशी असलेला प्रत्यक्ष संबंधही स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : विद्युतप्रभार, विद्युतधारा, विभवांतर, रोध, एकसर जोडणी, समांतर जोडणी, भूसंपर्कन.

१. प्रस्तावना

ओहमच्या नियमावरील उदाहरणे बिनचूक सोडविणारा विद्यार्थी एक घट, एक लहान दिवा आणि तारेचा एकच तुकडा हाती दिल्यास तो दिवा पेटवू शकेलच असे नाही. हा केवळ आपल्याकडील अनुभव नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शॅफर यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले व ते १९९२ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात विचारलेला एक प्रश्न वरकरणी अगदी सोपा आहे. पाच एकसारखे दिवे आणि तीन एकसारखे आदर्श घट घेतले. पहिल्या घटाला एकच दिवा जोडला, दुसऱ्याला दोन दिवे एकसर जोडले आणि तिसऱ्याला दोन दिवे समांतर जोडले. या पाच दिव्यांचा तेजस्वितेनुसार क्रम लावावयाचा आहे. कलनशास्त्रावर आधारित भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्के विद्यार्थ्यांनाच या प्रश्नाचे अचूक उत्तर देता आले. या प्रश्नासाठी कोणतीही आकडेमोड लागत नाही. लागते ती परिपथाकडे पाहण्याची योग्य दृष्टी.

हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मझूर यांचा अनुभवही असाच आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पीअर इन्स्ट्रक्शन' या ग्रंथात त्यांनी नोंदविले आहे, की गुंतागुंतीच्या परिपथातील धारा समीकरणे मांडून काढू शकणारे अनेक विद्यार्थी तीन दिव्यांच्या साध्या परिपथातील कळ दाबल्यास काय घडेल, या प्रश्नापाशी अडखळतात. गणित येते, पण संकल्पना येत नाही, अशी ही अवस्था होय. तिचे मूळ कोठे आहे, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर उपाय सापडणार नाही.

२. 'वीज' या शब्दाची अनेकार्थता

दैनंदिन मराठीत 'वीज' हा एकच शब्द अनेक भिन्न राशींसाठी योजला जातो. 'वीज गेली' म्हणजे पुरवठा खंडित झाला. 'वीज फार जळते' यात ऊर्जेचा निर्देश आहे. 'विजेचा धक्का बसला' यात शरीरातून गेलेली धारा अभिप्रेत असते. 'वीज कमी दाबाने येते' हे विधान विभवांतराविषयी असते. 'करंट' या शब्दाचेही तसेच झाले आहे. तारेत 'करंट आहे' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या तारेतून धारा वाहत असतेच असे नाही. बहुधा ती तार जमिनीच्या तुलनेत उच्च विभवावर आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

व्यवहारात ही अनेकार्थता अडचणीची नाही. वर्गात मात्र ती अडचणीची ठरते. 'आपण वीज वापरतो आणि तिचे बिल भरतो' हे विधान ऊर्जेच्या बाबतीत खरे आहे. तेच विधान धारेला लावले, की 'दिव्यापर्यंत येणारी धारा अधिक आणि दिव्यातून परत जाणारी धारा कमी' असा निष्कर्ष सहज निघतो. न्यूझीलंडमधील रॉजर ऑस्बर्न यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी शाळकरी मुलांच्या कल्पनांचा अभ्यास केला, तेव्हा 'धारा दिव्यात अंशतः खर्च होते' ही कल्पना मुलांमध्ये आढळलेल्या प्रमुख कल्पनांपैकी एक होती. म्हणजे हा दोष एका भाषेचा नाही. मात्र तो प्रत्येक भाषेत त्या त्या भाषेच्या आधाराने टिकून राहतो.

३. प्रभार, धारा आणि विभवांतर

विद्युतप्रभार हा पदार्थाचा मूलभूत गुणधर्म आहे. इलेक्ट्रॉनवर ऋण, तर प्रोटॉनवर तेवढाच धन प्रभार असतो. प्रभार निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. त्याचे केवळ स्थलांतर होते. तांब्यासारख्या धातूमध्ये काही इलेक्ट्रॉन अणूंशी घट्ट बांधलेले नसतात. हे मुक्त इलेक्ट्रॉन तारेत सर्वत्र, घट जोडण्यापूर्वीही, उपस्थित असतात. घट इलेक्ट्रॉन 'पुरवितो' ही समजूत म्हणूनच योग्य नाही. घट केवळ त्यांना एका दिशेने सरकण्यास प्रवृत्त करतो.

वाहकाच्या एखाद्या छेदातून एका सेकंदात वाहून जाणारा प्रभार म्हणजे विद्युतधारा. एका सेकंदात एक कुलोम प्रभार वाहिला, तर धारा एक अँपिअर असते. एक अँपिअर धारेत दर सेकंदाला सुमारे ६२४ कोटी अब्ज इलेक्ट्रॉन त्या छेदातून जातात. इतकी प्रचंड संख्या असूनही त्यांचा सरकण्याचा सरासरी वेग मात्र अत्यल्प असतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असता इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर सरकतात; म्हणजे एक मीटर अंतरासाठी त्यांना जवळजवळ पावणेचार तास लागतात. तरीही कळ दाबताच दिवा लागतो. कारण तारेत इलेक्ट्रॉन सर्वत्र आधीच असतात आणि त्यांना सरकविणारे विद्युतक्षेत्र परिपथभर अतिशय वेगाने प्रस्थापित होते. घरातील प्रत्यावर्ती धारेत तर इलेक्ट्रॉन सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतात; विद्युतकेंद्रातील इलेक्ट्रॉन घरापर्यंत येतच नाहीत, येते ती ऊर्जा.

सायकलच्या साखळीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. पायटा मारताच मागचे चाक फिरू लागते. त्यासाठी साखळीतील एखादी कडी पुढच्या दंतचक्रापासून मागच्या दंतचक्रापर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही. साखळीच्या सर्व कड्या एकदमच सरकतात. मागच्या चाकाकडे जितक्या कड्या जातात तितक्याच परत येतात. साखळी खर्च होत नाही. खर्च होते ते सायकलस्वाराचे बळ. परिपथातील धारा ही साखळीप्रमाणे आहे, तर घट हा सायकलस्वाराप्रमाणे. साखळी तुटली, की पुढचे आणि मागचे दोन्ही भाग थांबतात. परिपथ खंडित झाला, की सर्वत्र धारा थांबते. उपमेला अर्थातच मर्यादा आहेत. साखळी ताणाने ओढली जाते, तर इलेक्ट्रॉनांना विद्युतक्षेत्र सरकविते. परंतु 'धारा बंद मार्गातच वाहते आणि वाटेत कमी होत नाही' हा मुद्दा या उपमेतून स्पष्ट होतो.

एकक प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना होणारे कार्य म्हणजे त्या दोन बिंदूंमधील विभवांतर होय. एक कुलोम प्रभारामागे एक ज्यूल कार्य होत असेल, तर विभवांतर एक व्होल्ट असते. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधील असते, ही गोष्ट ठसविणे आवश्यक आहे. वीजवाहक तारेवर बसलेल्या पक्ष्याचे दोन्ही पाय जवळजवळ समान विभवावर असतात, म्हणून त्याला धक्का बसत नाही. तीच तार जमिनीवर उभ्या माणसाने धरली, तर तार आणि जमीन यांमधील संपूर्ण विभवांतर त्याच्या शरीरावर येते.

अखंड आणि स्थिर धारा मिळण्याची सोय प्रथम आलेस्सान्द्रो व्होल्टा यांच्या १८०० मधील विद्युतघटमालेमुळे झाली. धारेची रूढ दिशा धन अग्राकडून ऋण अग्राकडे मानली जाते, तर इलेक्ट्रॉन उलट दिशेने सरकतात. ही विसंगती ऐतिहासिक आहे. धन आणि ऋण ही नावे अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांच्या संकेतानुसार रूढ झाली, तर जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये लावला. परिपथाच्या आकडेमोडीत या विसंगतीने काही बिघडत नाही.

४. रोध आणि ओहमचा नियम

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग झिमॉन ओहम यांनी १८२७ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ सादर केला. तापमान व इतर भौतिक अवस्था स्थिर असताना वाहकातून जाणारी धारा ही त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते, हे त्यांच्या नियमाचे आजचे स्वरूप होय. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध. त्याचे एकक ओहम. तार लांब असेल तर रोध वाढतो, जाड असेल तर घटतो.

येथे दोन बाबी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली अशी, की ओहमचा नियम प्रभाराच्या अक्षय्यतेसारखा सर्वव्यापी नियम नाही. तो विशिष्ट पदार्थांच्या वर्तनाचे वर्णन आहे. एलईडी हा नियम पाळत नाही. तापदीप्त दिव्याच्या टंगस्टन तारेचा रोधही ती तापल्यावर थंड अवस्थेच्या तुलनेत अनेक पटींनी वाढतो. दुसरी बाब अशी, की घट हा ठरावीक धारा देणारा स्रोत नव्हे. घट स्थूलमानाने ठरावीक विभवांतर देतो. धारा किती वाहणार हे परिपथाचा एकूण रोध ठरवितो. परिपथविषयक बहुतेक चुकांच्या मुळाशी ही दुसरी बाब दुर्लक्षित राहिलेली असते.

५. एकसर आणि समांतर जोडणी

गुस्टाव्ह किर्खहोफ यांनी १८४५ मध्ये परिपथाचे दोन नियम मांडले. त्यांचा आशय साधा आहे. कोणत्याही संगमबिंदूत येणारी एकूण धारा ही तेथून बाहेर जाणाऱ्या एकूण धारेइतकी असते. हे प्रभाराच्या अक्षय्यतेचेच रूप होय. तसेच कोणत्याही बंद मार्गात विभवाची एकूण वाढ आणि एकूण घट समान असतात. हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचे रूप होय.

एकसर जोडणीत मार्ग एकच असल्याने सर्व घटकांतून एकच धारा जाते आणि विभवांतराची विभागणी होते. समांतर जोडणीत सर्व घटकांवरील विभवांतर समान असते आणि धारेची विभागणी होते. प्रस्तावनेतील प्रश्नाचे उत्तर आता सहज मिळते. एकट्या दिव्याला घटाचे पूर्ण विभवांतर मिळते. समांतर जोडलेल्या दोन्ही दिव्यांनाही तेच मिळते. म्हणून हे तीन दिवे समान तेजाने लागतात. एकसर जोडलेल्या दिव्यांना प्रत्येकी निम्मे विभवांतर मिळते. ते दोन्ही मंद, परंतु परस्परांइतकेच तेजस्वी असतात. 'पहिल्या दिव्याने धारा घेतली, म्हणून दुसरा मंद' हे उत्तर चूक. तसेच 'धारा दोघांत वाटली गेली, म्हणून समांतर दिवे एकट्या दिव्यापेक्षा मंद' हेही चूक. समांतर जोडणीत घटाला दुप्पट धारा द्यावी लागते आणि म्हणून तो लवकर संपतो.

सणासुदीला लावल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेत ६ व्होल्टचे सुमारे ३८ दिवे एकसर जोडले, की २३० व्होल्टचा पुरवठा चालत असे. त्यांतील एक दिवा गेला, की सारी माळ विझे. घरातील दिवे, पंखे आणि उपकरणे मात्र समांतर जोडलेली असतात. थॉमस एडिसन यांनी ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीट केंद्रातून पुरवठा सुरू केला, तोही समांतर पद्धतीचाच होता. प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे लावता व विझविता यावा, हा त्यामागील हेतू होय.

६. ऊर्जा आणि शक्ती

विद्युतशक्ती ही विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार होय. तिचे एकक वॅट. २००० वॅटचे पाणी तापविण्याचे उपकरण २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेते, तर ९ वॅटच्या एलईडी दिव्यात सुमारे ०.०४ अँपिअरच्या आसपास धारा असते. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जेचे रूपांतर होते. वीजमापक मोजतो ती ही ऊर्जा. इलेक्ट्रॉनांची संख्या नव्हे. ग्राहकाकडे आलेला प्रभार पूर्णपणे परत जातो, तरीही देयक योग्यच असते.

वाहकात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या समप्रमाणात असते, हे जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. त्याचे एक परिचित उदाहरण मुंबईच्या उपनगरी रेल्वेत सापडते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विद्युत गाडी १५०० व्होल्टच्या एकदिश धारेवर धावली. पुढे एकविसाव्या शतकात तेथील मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेवर नेण्यात आले. तेवढीच शक्ती पुरविण्यासाठी आता सुमारे सतराव्या हिश्श्याइतकीच धारा पुरते. समान रोधाच्या तारेत होणारा ऊर्जाक्षय ढोबळमानाने २७८ पटींनी घटतो. विद्युतपारेषणासाठी उच्च विभवांतर का वापरतात, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

७. घरगुती परिपथ आणि सुरक्षितता

घरात येणाऱ्या दोन मुख्य तारांपैकी एक वीजयुक्त, म्हणजे व्यवहारातील 'फेज', आणि दुसरी तटस्थ, म्हणजे 'न्यूट्रल' होय. तटस्थ तार रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असते. म्हणूनच जमिनीवर उभ्या व्यक्तीने एकट्या वीजयुक्त तारेला स्पर्श केला, तरी शरीर, जमीन आणि रोहित्र असा परिपथ पूर्ण होतो. कळ नेहमी वीजयुक्त तारेवरच असावी लागते. ती तटस्थ तारेवर बसविल्यास कळ बंद करताच दिवा विझतो, पण दिव्याची खोबण वीजयुक्तच राहते. दिवा विझला म्हणजे धोका टळला, हे समीकरण येथे घातक ठरते.

वितळतार किंवा एमसीबी यांविषयीचा गैरसमज याहून गंभीर आहे. ही साधने माणसासाठी नसून प्रामुख्याने तारेसाठी असतात. मर्यादेपेक्षा अधिक धारेमुळे तारा तापून आग लागू नये, हे त्यांचे कार्य. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध १००० ओहम धरल्यास २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपिअर धारा जाईल. ५ अँपिअरची वितळतार या धारेने वितळणार नाही. माणसाला मात्र १० मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडून तार सोडता येईनाशी होते आणि काही दशके मिलिअँपिअर धारा छातीतून गेल्यास हृदयाचे कार्य विस्कळीत होऊ शकते.

उपकरणाचे धातूचे आवरण भूसंपर्क तारेने जमिनीशी जोडलेले असते. आत वीजयुक्त तार आवरणाला टेकली, की भूसंपर्क तारेतून मोठी धारा वाहावी आणि एमसीबीने परिपथ तोडावा, अशी योजना असते. तीन पिनांच्या जोडणीतील भूसंपर्काची पिन अधिक लांब असते ती याचसाठी. ती प्रथम जोडली जाते आणि शेवटी सुटते. परंतु जमीन कोरडी पडून भूसंपर्क मार्गाचा रोध २० ओहम झाला, तर धारा ११.५ अँपिअरच राहते. १६ अँपिअरचा एमसीबी ती रोखत नाही आणि आवरण वीजयुक्तच राहते.

ईएलसीबी किंवा आरसीसीबी या नावाने परिचित असलेले साधन या उणिवेवर उपाय करते. ते धारा किती मोठी आहे हे पाहत नाही. वीजयुक्त तारेतून जाणारी आणि तटस्थ तारेतून परतणारी धारा समान आहे काय, एवढेच ते तपासते. दोहोंत ठरावीक फरक पडला, म्हणजे घरगुती वापरात सर्वसाधारणपणे ३० मिलिअँपिअर, की काही धारा अन्य मार्गाने, कदाचित एखाद्या माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असे मानून ते सेकंदाच्या अल्प अंशात पुरवठा तोडते. धारा दिव्यात खरोखर खर्च होत असती, तर पहिला दिवा लावताच हे साधन बंद पडले असते. ते बंद पडत नाही, कारण धारा खर्च होत नाही. पाठ्यपुस्तकातील तत्त्व येथे प्राणरक्षक यंत्रणेचा आधार झालेले दिसते. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. जमिनीपासून विलग असलेल्या व्यक्तीने वीजयुक्त व तटस्थ या दोन्ही तारा एकाच वेळी धरल्या, तर जाणारी व परतणारी धारा समानच राहते आणि या साधनाला धोका कळत नाही.

८. अध्यापनविषयक विचार

वरील विवेचनातून अध्यापनासाठी काही दिशा मिळतात. पहिली, सूत्रापूर्वी अंदाज आणि अंदाजानंतर प्रयोग हा क्रम ठेवावा. पाच दिव्यांचा प्रश्न विचारून विद्यार्थ्यांकडून लेखी उत्तर घ्यावे आणि मगच परिपथ जोडून दाखवावा. दुसरी, दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन अँमीटर एकाच वेळी जोडून त्यांची समान नोंद विद्यार्थ्यांना स्वतः वाचू द्यावी. अशी नोंद व्याख्येपेक्षा अधिक काळ स्मरणात राहते. तिसरी, 'वीज' हा शब्द वर्गात वापरताना प्रभार, धारा, विभवांतर की ऊर्जा यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे प्रत्येक वेळी विचारावे. या शेवटच्या बाबतीत भाषाविषयाच्या अध्यापकांचे साहाय्यही मोलाचे ठरू शकेल, कारण प्रश्न जितका विज्ञानाचा तितकाच अर्थनिश्चितीचा आहे.

९. निष्कर्ष

साध्या परिपथाचे आकलन दोन अक्षय्यतांवर उभे आहे : प्रभार टिकून राहतो आणि ऊर्जा रूपांतरित होते. या दोहोंची गल्लत झाली, की परीक्षेतील गुण मिळूनही विषय अनाकलनीय राहतो. ही गल्लत केवळ शैक्षणिक उणीव नाही. वितळतार आपले रक्षण करील या भरवशावर ओल्या हाताने कळ दाबणारी, विझलेला दिवा सुरक्षित मानून खोबणीत बोट घालणारी, भूसंपर्क तार अनावश्यक समजून कापून टाकणारी व्यक्ती पदवीधरही असू शकते. विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंतही या संकल्पना शुद्ध स्वरूपात पोहोचविणे हे महाविद्यालयाचे दायित्व ठरते. त्यासाठी खर्चिक प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एक घट, दोन दिवे, तारेचे काही तुकडे आणि योग्य क्रमाने विचारलेले प्रश्न एवढे आरंभास पुरेसे आहे.